पलटणीपासून गोठ्यापर्यंत: पदकवाल्या आजोबांचे चरित्र कसे जुळवावे

माण, खटाव, आटपाडी, जत, पारनेर, महाड या भागांत असे घर मुद्दाम शोधावे लागत नाही. भिंतीवर फेट्यातल्या आजोबांची तसबीर, ट्रंकेत जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली पदके आणि दारात बैल, म्हशी नाहीतर मेंढरांचा वाडा. विचारले तर उत्तर दोन वाक्यांत संपते: ‘लढाईला होते. मग येऊन जनावरं केली.’ या दोन वाक्यांच्या मधले आयुष्य पुन्हा उभे करायचे असेल, तर फौजेचे कागद, जमिनीचे कागद, जनावरांचे कागद आणि घरातल्या म्हाताऱ्या बायका या चार ठिकाणी जावे लागते. चारही ठिकाणी चालणारी किल्ली वेगवेगळी आहे, आणि पहिली किल्ली नाव ही नाही. ती आहे नंबर.

मराठी नावे इंग्रजी कारकुनाने कानाला ऐकू आली तशी लिहिली. १९४५ साली इटलीत सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे निमजचे नामदेव जाधव यांचे आडनावसुद्धा इंग्रजी कागदांत तीन तऱ्हांनी लिहिलेले सापडते. व्हिक्टोरिया क्रॉसवाल्याची ही गत, तर साध्या शिपायाची काय असेल? शिवाय एकाच पलटणीत एकाच नावाचे पाच-सहा जण असत. म्हणून नंबर हातात येईपर्यंत कुठल्याही कार्यालयाला पत्र लिहू नका. उत्तर आले तरी ते भलत्याच माणसाचे असू शकते.

नंबर कुठे असतो

पहिल्या महायुद्धाचे चांदीचे गोल पदक ३६ मिलिमीटर व्यासाचे असते. त्याच्या कडेवर, म्हणजे रुपयाच्या नाण्याला जिथे खाचा असतात तिथे, नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. त्याच्या जोडीच्या कांस्य विजयपदकावरही तसेच. १९१४-१५चा तारा असेल तर मजकूर त्याच्या सपाट पाठीवर पाहा. चांदीऐवजी कांस्याचे युद्धपदक निघाले तर ते खोटे समजू नका. पलटणीबरोबर गेलेल्या बिनलढाऊ कामगारांना ते कांस्यात मिळे. दुसऱ्या महायुद्धाची पदके मात्र पुष्कळदा कोरी असतात. स्वातंत्र्यानंतरच्या भारतीय पदकांवर पुन्हा कडेला नंबर मिळतो.

वाचण्यासाठी दहापट मोठे दिसणारे भिंग घ्या आणि टॉर्च समोरून न धरता बाजूने, जवळजवळ आडवा धरा. उठावाची सावली पडते आणि अक्षरे उघडतात. तरीही दिसत नसतील तर पातळ कागद कडेवर दाबून त्यावर मऊ शिसपेन्सिल तिरकी घासा. पदक घासूनपुसून चकचकीत करायचे मात्र नाही. पितळेच्या पॉलिशने दरवर्षी २६ जानेवारीला चमकवलेल्या पदकांची कड आज गुळगुळीत झालेली असते, आणि झिजलेला नंबर कशानेही परत येत नाही. चिंच, राख, लिंबू यांचेही तेच. मळकी, फाटकी मूळ फीतसुद्धा टाकू नका.

पलटणीचे नाव आजच्या नावाशी जुळत नाही म्हणून गोंधळ होतो. १९२२च्या फेररचनेत जुन्या मराठा पलटणी एका रेजिमेंटमध्ये आल्या: १०३ झाली पहिली बटालियन, १०५ दुसरी, ११० तिसरी, ११६ चौथी, ११७ पाचवी आणि ११४ झाली दहावी, म्हणजे प्रशिक्षणाची. तेव्हा कडेवर ११७ असेल आणि घरात ‘आजोबा पाचव्या पलटणीत’ म्हणत असतील, तर दोन्ही बरोबर असू शकते. १११ महार ही पलटण १९१७मध्ये उभी राहून १९२१मध्ये मोडली. आजची महार रेजिमेंट १९४१ची. तेव्हा १९१८चे पदक आणि १९४१ची रेजिमेंट एकाच माणसाच्या गोष्टीत येत असतील, तर बहुधा बापलेकांची सरमिसळ झालेली आहे.

जुन्या काळचा नंबर फक्त त्या पलटणीपुरता असे. नुसता ‘२३१४’ उपयोगाचा नाही, पलटणीसह लिहा. पुढच्या काळात मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानांचे सात आकडी नंबर साधारण २७ने सुरू होतात, शेवटी एक इंग्रजी अक्षर असते. जवान सुभेदारीच्या वाटेला लागला की नंबर बदलून ‘जेसी’चा, म्हणजे ज्युनियर कमिशन्ड ऑफिसरचा, होतो. दोन्ही नंबर मिळाले तर दोन्ही लिहा. एकाच नंबरावर शोधले की अर्धी नोकरी गायब होते.

शौर्यपदक की सेवापदक

घरात प्रत्येक पदकाला ‘शौर्यपदक’ म्हणतात. त्यातली बहुतेक सेवेची किंवा मोहिमेची असतात, म्हणजे त्या काळात त्या भागात होते म्हणून मिळालेली. सामान्य सेवापदकावर ‘जम्मू आणि काश्मीर’ची पट्टी, १९६५चा समर सेवा तारा, १९७१चे पूर्वी आणि पश्चिमी तारे ही सगळी या जातीची. यात कमीपणा काही नाही. पण चरित्रात ‘शौर्याबद्दल गौरव’ असे लिहिण्याआधी राजपत्रात नाव सापडले पाहिजे.

परमवीर, महावीर आणि वीरचक्र २६ जानेवारी १९५०ला सुरू झाली, पण १५ ऑगस्ट १९४७पासून लागू धरली गेली. म्हणून १९४८च्या लढाईचे वीरचक्र १९५० किंवा त्यानंतरच्या राजपत्रातही असू शकते. वीरचक्राची फीत अर्धी गडद निळी, अर्धी केशरी. महावीरचक्राची अर्धी पांढरी, अर्धी केशरी. सेना पदकाची लाल, मधे बारीक पांढरी रेघ. आज ज्याला शौर्यचक्र म्हणतात ते १९६७पूर्वी ‘अशोकचक्र, वर्ग तीन’ होते. जुन्या पत्रात ‘अशोकचक्र’ दिसले म्हणून लगेच पेढे वाटू नका, वर्ग बघा. संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कारांच्या संकेतस्थळावर नावे शोधता येतात, ब्रिटिश काळासाठी लंडन गॅझेटचे जुने अंक उघडे आहेत.

इंग्रजी अमदानीत शिपायांना मिळणाऱ्या दोन मानांच्या फिती एकमेकींच्या उलट आहेत. इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडलची मधे किरमिजी आणि कडा निळ्या, तर इंडियन ऑर्डर ऑफ मेरिटची मधे निळी आणि कडा किरमिजी. जुन्या कृष्णधवल फोटोवरून फीत ओळखायला जाल तर फसाल: त्या काळच्या पुष्कळ फिल्मवर लाल रंग काळा पडे आणि निळा फिका दिसे. फितीवर पानाच्या आकाराचे बारीक चिन्ह असेल तर ते धूळ समजून खरवडू नका. कांस्याचे ओकचे पान किंवा भारतीय काळातले कमळाचे पान म्हणजे खलित्यात, सेनाधिकाऱ्याने वर पाठवलेल्या लढाईच्या अहवालात, नावाचा उल्लेख झाला होता.

रेकॉर्ड ऑफिस

नंबर मिळाला की पत्र कुठे जायचे ते ठरते. मराठा लाइट इन्फंट्री: बेळगाव. महार: सागर, मध्य प्रदेश. तोफखाना: नाशिक रोड. बॉम्बे सॅपर्स: खडकी. सिग्नल्स: जबलपूर. जी रेजिमेंट फाळणीत पाकिस्तानला गेली तिचे दप्तर बेळगावात शोधून हाती काही लागणार नाही. पत्र थेट पाठवण्याआधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एक चक्कर मारा. आजी विधवा म्हणून तिथे नोंदलेली असेल तर निम्मी माहिती त्याच फाइलमध्ये असते, आणि तिथले बाबू पूर्वीचे हवालदार असल्याने नंबर वाचूनच बरेच सांगतात.

पत्रात ‘आजोबांची सर्व माहिती द्यावी’ असे लिहिले की उत्तर ‘माहिती उपलब्ध नाही’ असे येते. कागदाचे नाव घेऊन मागा: शीट रोल (जवानाचे सेवापत्रक), किंड्रेड रोल (कुटुंबीयांची यादी), लाँग रोल म्हणजे भरती-सुटकेच्या नोंदवहीतली नोंद, लग्न आणि मुलांच्या जन्माचे पार्ट टू ऑर्डर (अशा घटनांची नोंद करणारे लष्करी हुकूम), पदकांची यादी. सोबत नंबर, पलटण, गाव, तालुका, वडिलांचे नाव, भरतीचे आणि निवृत्तीचे अंदाजे वर्ष, तुमचे वारसपण दाखवणारा कागद आणि मृत्यूदाखल्याची प्रत जोडा. दाद लागली नाही तर माहिती अधिकारातला अर्ज. केंद्र सरकारच्या कार्यालयासाठी १० रुपयांची पोस्टल ऑर्डर, उत्तराची मुदत ३० दिवस, त्यानंतर ३० दिवसांत पहिले अपील. ‘ही त्रयस्थाची खासगी माहिती’ म्हणून नकार येऊ नये यासाठीच वारसपणाचा कागद पहिल्या दिवशी जोडायचा.

एक गोष्ट आधीच मनाशी धरा. पेन्शन न घेता सुटलेल्या जवानाची सेवापत्रे सुटल्यानंतर २५ वर्षांनी नष्ट करण्याचा लष्कराचा नियम आहे. युद्ध संपल्यावर १९४६-४७मध्ये घरी पाठवलेले हजारो शिपाई याच गटातले. त्यांच्याबाबत लाँग रोलमधली ओळ-दोन ओळी एवढेच उरते: नंबर, नाव, गाव, भरती, सुटका, कारण. पेन्शनवाल्यांचे नशीब बरे. त्यांच्या पेन्शन पेमेंट ऑर्डरवर बायकोचे नाव आणि जन्मतारीखही मिळते.

किंड्रेड रोलवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. त्यात आई-बाप, भाऊ, बायको, मुले यांची नावे असतात आणि नेमकी इथेच घरात खडाजंगी होते, कारण ‘ही सोनाबाई कोण?’ असा प्रश्न येतो. दुसरी बायको निघण्याआधी साधी शक्यता तपासा. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची आपली रीत आहे, आणि भरतीच्या वेळी जवानाने माहेरचे नाव सांगितले असेल तर कागदावर सोना आणि घरात लक्ष्मी अशी एकच बाई दोन नावांनी वावरते. तिच्या माहेरच्या गावाचे नाव दोन्हीकडे जुळले की प्रश्न मिटतो. खरोखर दोन बायका असतील तर पार्ट टू ऑर्डरमध्ये दोन लग्नांच्या दोन नोंदी दिसायला हव्यात.

पलटण कुठे लढली ते युद्धदैनंदिनींतून मिळते. पहिल्या महायुद्धातल्या मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, दैनंदिनी लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘डब्ल्यू ओ ९५’ या मालिकेत आहेत. त्यात शिपायाचे नाव क्वचितच सापडते, पण पलटण कुठल्या तारखेला कुठे होती हे कळते. १०३, ११० किंवा ११७ असेल तर कूत-अल-अमाराचा वेढा तपासा. २९ एप्रिल १९१६ला तिथली फौज शरण गेली आणि पुढची वर्षे तुर्कांच्या कैदेत गेली. घरात ‘दोन-अडीच वर्षं काही खबर नव्हती, कुंकू पुसलं होतं’ असे सांगत असतील तर त्याचा अर्थ इथे लागतो. कॉमनवेल्थ युद्धकबर आयोगाच्या यादीत मात्र वेळ घालवू नका. ती यादी मेलेल्यांची आहे. परत येऊन जनावरे केलेला माणूस तिथे असणार नाही. व्हिक्टोरिया क्रॉसवाले यशवंत घाडगे तिथे आहेत, कारण ते १० जुलै १९४४ला इटलीत पडले आणि त्यांचे नाव कसिनोच्या स्मारकावर आहे.

जमीन

आता माणूस गावी आला. पुढचा शोध तलाठ्याकडे, तहसीलच्या अभिलेख कक्षात आणि भूमी अभिलेख कार्यालयात. जुने स्कॅन केलेले उतारे राज्याच्या ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर पुष्कळ तालुक्यांसाठी मिळतात. आधी तिथे बघा आणि सापडलेल्याचीच प्रमाणित नक्कल मागा.

सुरुवात आजच्या सातबाऱ्यापासून करून मागे जायचे. कब्जेदाराच्या नावापाशी वर्तुळात आकडा असतो, तो फेरफार नंबर. तो घेऊन गाव नमुना ६ उघडा. जमीन कोणाकडून, कधी, कशी आली ते तिथे चार ओळींत असते. त्या फेरफारात त्याआधीचा फेरफार सापडतो. असे एकेक पायरी उतरत १९३०च्या आसपास गेलात की कागद मोडीत शिरतात. मोडी वाचकाकडे पूर्ण गठ्ठा देऊ नका. आधी देवनागरी कागदांवरून गट, सर्व्हे नंबर, अंदाजे साल ठरवून नेमकी पाने द्या, पैसे वाचतात.

आजोबांचे नावच सापडत नाही, ही नेहमीची तक्रार. दोन कारणे बहुतेक वेळा पुरतात. एक, ते पलटणीत असताना जमीन थोरल्या भावाच्या नावावर ‘ए. कु. मॅ.’ म्हणून लागली, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. आजोबांचा हिस्सा त्यात आहे, नाव नाही. ते वाटणीच्या फेरफारात पहिल्यांदा उगवते. दुसरे, एकत्रीकरणात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुना सर्व्हे नंबर घेऊन नव्या सातबाऱ्यात शोधले तर भलत्याची जमीन समोर येते. भूमी अभिलेखमधून एकत्रीकरणाचा जबाब किंवा उतारा काढा, त्यात जुन्या-नव्या नंबरांचा मेळ असतो. क्षेत्रही तपासा: ८ एकर २० गुंठे म्हणजे ३४० गुंठे, सुमारे ३ हेक्टर ४४ आर. फरक गुंठा-दोन गुंठ्यांपेक्षा मोठा असेल तर मधे एखादा फेरफार तुमच्या नजरेतून सुटला आहे.

‘सरकारनं जंगी इनाम दिलं’ हे वाक्य जपून घ्या. जंगी इनाम म्हणजे दर वेळी जमीनच असे नाही. ते रोख नेमणुकीच्या रूपातही असे. जमीन इनाम असेल तर गाव नमुना ३मध्ये, दुमाला (इनाम दिलेल्या) जमिनींच्या नोंदीत, ती दिसायला हवी. स्वातंत्र्यानंतर माजी सैनिक म्हणून सरकारी पड जमीन मिळाली असेल तर सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ किंवा ‘नवीन शर्त’ असे शब्द असतात आणि फेरफारात जिल्हाधिकाऱ्यांच्या हुकमाचा नंबर. तो हुकूम मिळाला तर सोन्याहून पिवळे, कारण त्यासोबतच्या अर्जात माणूस स्वतःची नोकरी, जखम, कुटुंब सगळे सांगतो. तिसरी शक्यता कूळकायद्याची. १ एप्रिल १९५७चा कृषक दिन, ‘३२ ग’ची किंमत, ‘३२ म’चा दाखला हे शब्द दिसले तर जमीन कसण्याच्या हक्काने मिळाली, पदकामुळे नव्हे. घरच्यांना हे ऐकायला आवडत नाही.

माणूस शेतकरी होता की जनावरवाला, हे गाव नमुना १२ सांगतो. वर्षानुवर्षे ‘गवत’, ‘पड’, मोठा पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) आणि थोडीशी बाजरी अशी पीकपाहणी असेल तर चूल जनावरांवर पेटत होती. इतर हक्कातला बोजा वाचा: सोसायटीचे कर्ज विहिरीला की इंजिनला, कोणत्या साली. विहिरीनंतरच्या वर्षी घास किंवा कडवळ असा हिरवा चारा आला तर म्हशी किंवा दुभत्या गाई आल्याचा तो सुगावा.

जनावरे

या बाजूचे कागद कोणी जपत नाही, म्हणून ट्रंकेच्या तळाशी, देवघराच्या फळीवर आणि जुन्या पंचांगांच्या पानांत शोधा. बैलबाजाराची पावती छोटी असते, पण विकणारा, घेणारा, गाव, किंमत, रंग, शिंगे आणि दात इतके त्यावर असते. दातांवरून वय निघते: आदत म्हणजे दुधाचे दात, दुसा साधारण दोन-अडीच वर्षांचा, चौसा तीनच्या पुढचा, जुळलेला साडेचार-पाचचा. पावतीवर साल पुसले असेल आणि बाजाराचे नाव असेल तर निदान महिना कळतो: पुसेगावची यात्रा मार्गशीर्षातली, पंढरपूरचा मोठा बाजार कार्तिकीचा.

दूधसंस्थेचे पासबुक मिळाले तर लिटर, फॅट आणि दर यांवरून गोठा केवढा होता त्याचा अंदाज निघतो. पण काळाचे भान ठेवा. कोल्हापूरचा गोकुळ संघ १९६३चा, ऑपरेशन फ्लड, म्हणजे देशभरातली दूधवाढीची योजना, १९७०चे. गावोगाव संकरित गाई त्यानंतर दिसू लागल्या. ‘लढाईहून आल्या आल्या आजोबांनी दहा जर्सी घेतल्या’ हे १९४६च्या माण तालुक्यात बसत नाही. तिथे खिलार किंवा मेंढरे धरून चला आणि जर्सी कोणी आणली ते पुन्हा विचारा. बहुतेक वेळा ती मुलाने आणलेली असते.

बायकांना विचारा, आणि वाटणीची भीती आधी घालवा

वंशावळ मागायला गेलात की भाऊबंदांच्या मनात पहिला विचार येतो तो जमिनीच्या वाटणीचा. पहिल्या भेटीला सातबारा हातात घेऊन जाऊ नका, कोणाची सही मागू नका, वही साधी ठेवा. कशासाठी लिहिताय ते घरातल्या थोरल्यांना सगळ्यांसमोर सांगा. दोन भाऊ एकमेकांशी बोलत नसतील तर दोघांकडे एकाच आठवड्यात जा, नाहीतर उशिरा गेलेल्याकडे दार बंद.

सर्वांत भरवशाची साक्षीदार आत्या. ती लग्न होऊन गेली, तिला जमिनीत फारसे सांगायचे नसते आणि बापाची पत्रे तिनेच वाचून दाखवलेली असतात. तिला ‘आजोबा कोणत्या साली परत आले?’ असे विचारू नका. ‘आत्या, तात्या सुटून आले तेव्हा तू परकरात होतीस का लग्नाची झाली होतीस? पहिली म्हैस घरात आली तेव्हा पाळण्यात कोण होतं?’ असे विचारा. सालासाठी मोठ्या घटनांची खुंटी वापरा: गांधीवध (जानेवारी १९४८), पानशेतचा पूर (१२ जुलै १९६१), कोयनेचा धरणीकंप (११ डिसेंबर १९६७), बहात्तरचा दुष्काळ. दुष्काळाचा प्रश्न जनावरवाल्या घरात कधीही वाया जात नाही. किती विकली, किती मेली, किती छावणीला नेली हे आकड्यांसकट आठवते. एका बैठकीला चाळीस मिनिटे पुरेत. पदक तिच्या हातात द्या आणि गप्प बसा.

जन्मतारखांवर विश्वास ठेवू नका. शाळेत घालताना गुरुजींनी सरसकट १ जून लिहिलेला असतो आणि भरतीच्या वेळी वय वाढवून सांगितलेले असते. खरे त्याच्या जवळचे हवे असेल तर गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, पाहा. आजोबा इटलीत असताना घरी मूल जन्मले असे दिसू लागले तर कोणाच्या चारित्र्याचा निकाल लावण्याआधी शाळेची तारीख, कोतवालाची तारीख आणि रजेची नोंद शेजारी ठेवा. बहुतेक वेळा चूक गुरुजींच्या १ जूनची निघते.

जुळवणी

मोठ्या ड्रॉइंग कागदावर उभे पाच रकाने आखा: साल, फौज, जमीन, घर, जनावरे. प्रत्येक नोंदीपुढे ती कुठून आली ते आखूड लिहा, ‘फे. ४१२’, ‘किंड्रेड रोल’, ‘धाकटी आत्या’ असे. कागदाची नोंद शाईने, ऐकीव पेन्सिलने. आडव्या ओळीत दोन रकाने भांडत असतील तर खोडू नका, लाल खूण करून ठेवा.

कागदपत्रे ६०० डीपीआयवर स्कॅन करा, मागची बाजूसुद्धा. फोटोचा मजकूर पुष्कळदा पाठीवर असतो. डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळालेले पुस्तक) लॅमिनेट करून आणायची हौस घराघरात आहे, ती आवरा. उष्णतेने शाई पसरते आणि ते प्लास्टिक कागद फाडल्याशिवाय निघत नाही. पदके मऊ सुती कापडात, एकमेकांना न लागतील अशी ठेवा, रेक्झिनच्या पाकिटात नको. सार्वजनिक कार्यक्रमात आजोबांची पदके लावायची असतील तर ती उजव्या छातीवर लावतात. डावी बाजू ज्याने मिळवली त्याची.